बॅटरी आणि सौरघटांच्या पदार्थांवर संशोधन करायला रसायनशास्त्रात पीएचडी हवीच का?

हवीच असं नाही. पण कशावर संशोधन करायचं हे स्वतः ठरवायचं असेल, तर पीएचडीशिवाय वाट लांबची आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांचंच बघा. पदव्युत्तर शिक्षण संपवून ते १९७२ मध्ये आसाही कासेई या रसायन कंपनीत लागले, १९८५ मध्ये लिथियम-आयन बॅटरीचा वापरण्याजोगा नमुना बनवला. डॉक्टरेट मिळाली ती थेट २००५ मध्ये आणि नोबेल २०१९ मध्ये! (अर्थात सगळेच योशिनो नसतात.) एमएस्सीनंतर कंपन्यांत मिळणारं काम बहुतेक हाताचं असतं:

- इलेक्ट्रोडच्या (बॅटरीच्या धन किंवा ऋण टोकाच्या) पदार्थाचा लेप धातूच्या पातळ पत्र्यावर चढवणं
- आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू भरलेल्या पेटीत किंवा कोरड्या खोलीत सेल (बॅटरीचा एकेक घट) जोडणं
- शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता किती घटते ते मोजणं

इथे एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना तपासण्याच्या पद्धतीचा) आलेख वाचता येणं आणि मोजमापांचा ढीग पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत उपसता येणं, या दोन गोष्टींना पदवीइतकंच वजन आहे. मात्र विद्यापीठात स्वतःचा संशोधन गट चालवायचा असेल, तर हे सगळं लागू नाही. तिथे पीएचडी तर लागतेच, वर काही वर्षांची पोस्टडॉकही (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) धरून चाला.