३५ एचपीचा ट्रॅक्टर देऊन ५० एचपीचा घ्यावा का? निपाणी भागात ऊस, सोयाबीन आहे.

रान काळं आणि ऊस असेल तर घ्या. पण नुसता इंजिनचा एचपी बघू नका, पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला मिळणारा एचपी विचारा, कारण रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) त्याच्यावरच चालतो.

आमच्याकडं आधी ३५ चा होता, आता ५० चा आहे. खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेला ऊस) मोडताना फरक लगेच कळतो. जुन्याला पाच फुटी रोटाव्हेटर लावला की ढेकळात लोड येऊन आवाज बसायचा, गियर खाली घ्यावा लागायचा. नवा सहा फुटी घेऊन एकसारखा चालतो. तासाला डिझेल जास्त जातं, पण हिशेब एकरी करा, तिथं दोन्हीतला फरक बराच कमी होतो. पलटी नांगर घेणार असाल तर ट्रॅक्टरची मागची लिफ्ट (अवजार उचलणारी) किती किलो उचलते ते बघा. उसाची ट्रॉली भरून कारखान्याला न्यायची तर ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलेच (ऑइल ब्रेक) हवेत.

खानापूरकडं भाताची लहान खाचरं असती तर मोठा घेऊ नका म्हटलं असतं. चिखलात वजनानं रुततो, बांधाच्या कोपऱ्यात वळायला जागा पुरत नाही.

आणि जुना एक्स्चेंजला देण्याआधी विचार करा. पेरणी, फवारणी, पाण्याचा टँकर या कामांना तो हलकाच बरा. पैशाची सोय होत असेल तर ठेवाच.