मदतीची मालकी देशाची असेल, तर बायकांच्या हक्कांचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की परदेशातून येणारी विकासाची मदत कुठे आणि कशी वापरायची हे घेणाऱ्या देशानेच ठरवलं, तर बायकांचे हक्क मागे पडतात का. मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात नऊ वर्षं बचत गटांची सहयोगिनी, म्हणजे गावोगाव फिरून गट बांधणारी कार्यकर्ती, होते. माझ्या मते ठरवायचं देशानेच. फक्त देश म्हणजे नेमकं कोण, हे प्रत्येक वेळी विचारायचं.

देणाऱ्याने ठरवलं की काय होतं, हे आमच्या सांगलीने पाहिलंय. 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून इथे वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर एड्स रोखायचं काम करते. त्याच बायकांनी पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' हा स्वतःचा संघ उभा केला. अमेरिकेने २००३ च्या कायद्यात अट घातली, की एड्सच्या कामासाठी आमचा पैसा हवा तर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या. ज्यांच्याबरोबर रोजची ऊठबस, त्यांच्याच विरोधातल्या कागदावर सही कशी करायची? 'संग्राम'ने २००५ मध्ये तो पैसा नाकारला. त्याच वर्षी याच अटीमुळे ब्राझीलनेही ४ कोटी डॉलरवर पाणी सोडलं. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तिथल्या संस्थांपुरती रद्द केली, पण बाहेरच्या देशांतल्या संस्थांना ते संरक्षण मिळणार नाही, असं २०२० मध्ये सांगितलं. आमच्या बायकांचं भलं कशात आहे ते वॉशिंग्टनमध्ये ठरतं, याची मला आजही चीड येते.

मग देशाच्या हाती द्या. मदत देणाऱ्या आणि घेणाऱ्या देशांनी मिळून मान्य केलेल्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्याचं पहिलं तत्त्व तेच आहे, मालकी. योजना देश आखेल आणि देणारे त्यामागे चालतील. पण त्या अख्ख्या जाहीरनाम्यात स्त्री-पुरुष समानतेचा उल्लेख एकदाच येतो, तोही जाता जाता. २००८ मध्ये घानातल्या अक्रा इथे झालेल्या पुढच्या बैठकीत ही उणीव बरीच भरून निघाली.

'मालकी' हा शब्द ऐकला की मला आमच्याकडचा 'मालक' आठवतो. इकडे बाई नवऱ्याला मालकच म्हणते.

आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जातून महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, 'तेजस्विनी' कार्यक्रम राबवला. कर्ज परदेशी, पण राबवणारं महामंडळ राज्याचं आणि गावात काम करणाऱ्या बायका तिथल्याच. लोकसंचालित साधन केंद्राच्या, म्हणजे बचत गटांच्या संघाच्या, कार्यकारिणीत गटातल्याच बायका असतात. माझ्या दृष्टीने देशाची मालकी दिसते ती अशी. त्या काळात आम्ही 'घर दोघांचे'चं काम करायचो, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, घरांच्या मालकीची आणि घरपट्टीची नोंद असते त्या रजिस्टरात, नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावून घ्यायचं.

एका गावातल्या काकी कापडी पिशवीत घरपट्टीच्या पावत्या घेऊन आल्या. सगळ्या पावत्या त्यांनी मजुरीच्या पैशातून भरलेल्या, नाव मात्र प्रत्येकीवर नवऱ्याचं. ग्रामसेवक मान वर न करता म्हणाले, "मालकांना घेऊन या, त्यांची सही लागंल." मालक म्हणाले, "आज नाव लागलं तर उद्या ही मलाच भाईर काढंल." काकींनी उत्तर दिलं नाही. पावत्या तारखेवार लावल्या, पिशवीत घातल्या आणि पुढच्या ग्रामसभेला गटातल्या चौदाजणी सोबत घेऊन आल्या. ठराव झाला, नाव लागलं. सगळ्याजणींचं नाही लागलं, आणि ज्यांचं राहिलं त्यांची तोंडं मला अजून आठवतात.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या रजिस्टरात आहे. मदत सरकारी तिजोरीतून गेली की तिचा हिशेबही सरकारी पद्धतीनेच होतो. केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून महिलांसाठीच्या खर्चाचं वेगळं विवरणपत्र येतं. त्याच्या पहिल्या भागात फक्त महिलांसाठी असलेला, शंभर टक्के खर्च धरतात. ग्रामीण घरकुल योजनेचा खर्चही त्यात धरला गेलाय, कारण घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यायचं असा नियम आहे. दिल्लीच्या कागदावर रक्कम बाईची झाली, पण गावात नमुना ८ वर तिचं नाव चढलं का, हे त्या विवरणपत्रात दिसत नाही. देणारे देशही याच आकड्यांवर समाधान मानतात. म्हणून मला वाटतं, देणाऱ्यांनी अटी कमी घालाव्यात आणि गावपातळीवर हे नाव तपासणाऱ्या बायकांच्या संघटनांना थेट, दीर्घ मुदतीचा पैसा द्यावा. आज त्यांच्या वाट्याला मिळतं ते वर्षभराचं प्रकल्पाचं काम, आणि वर्ष संपलं की सहयोगिनी घरी.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल, तर तुमच्या गावची घरकुल लाभार्थ्यांची यादी आणि नमुना ८ शेजारी शेजारी ठेवून बघा. ग्रामपंचायतीने दाखवलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.