काळ्या प्लास्टिकवर बॉडीचा रंग: सगळा खेळ पहिल्या थराचा

गाडीच्या क्लॅडिंगचा (चाकांभोवतीच्या आणि खालच्या पट्टीच्या काळ्या प्लास्टिकचा) रंग पापुद्र्यासारखा सुटतोय आणि पेंटर म्हणतो की प्रेशर वॉशर मारल्यामुळे सुटला, असं तुम्ही लिहिलंय. मला एका वर्कशॉपने शब्दशः हेच ऐकवलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी व्यवसायाने पेंटर नाही, पण या भानगडीत बराच पोळलोय.

वॉशरने सुटलेला रंग मुळात चिकटलेलाच नव्हता. सुटलेला तुकडा उलटा करून बघा. प्रायमरही रंगासोबत निघून आला असेल आणि खाली स्वच्छ काळं प्लास्टिक दिसत असेल, तर चूक अगदी पहिल्या थरात आहे. क्लॅडिंग बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीनचं असतं. आतल्या बाजूला 'पीपी', 'पीपी+ईपीडीएम' किंवा 'टीपीओ' असं कोरलेलं सापडेल. या प्लास्टिकला रंग धरून ठेवायची वृत्तीच नाही. त्यावर आधी ॲडहेजन प्रमोटरचा, म्हणजे रंग प्लास्टिकला धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, पातळ हात लागतो आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच पुढचा थर द्यावा लागतो. 'एबीएस' या दुसऱ्या प्लास्टिकच्या भागांना रंग त्या मानाने सहज धरतो. त्यामुळे एकाच गाडीवर आरशाची कव्हरं टिकली आणि क्लॅडिंग सोललं, असं होऊ शकतं.

माझ्या वर्कशॉपने पत्र्यावर मारतात तेच सरफेसर थेट मारलं होतं. विचारलं तर "प्रायमर मारलाय ना" एवढंच उत्तर. सरफेसर पृष्ठभाग भरून सपाट करतं, पीपीला धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे. तक्रार केल्यावर त्यांनी सुटलेल्या जागीच पुन्हा रंग मारून दिला. सर्वात जास्त नुकसान त्या ठिगळाने केलं, कारण शेजारचा न चिकटलेला थर तसाच राहिला आणि नव्या रंगाखालून पुन्हा उठला. मग त्यांनी सगळं काढायला जाड सँडपेपर घासला. पीपी जाड पेपरने घासलं की त्याला बारीक तंतू सुटतात, आणि वर रंग चढल्यावर ते जास्तच उठून दिसतात. काळा दाणेदार पोतही गेला, म्हणजे मूळ रूपात परतायची वाटही बंद.

म्हणून ठिगळ लावून घेऊ नका. नखाने किंवा टेपने जिथवर रंग उचलतो तिथवर तो काढायलाच लावा, आणि सगळीकडे उचलत असेल तर पूर्ण भाग. जोरदार थिनर किंवा पेंट रिमूव्हर चोळू देऊ नका, प्लास्टिक खराब होऊ शकतं. घासण्याआधी धुणं आणि डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव). काळं चमकवायला लावतात त्या ड्रेसिंगमध्ये बहुधा सिलिकॉन असतं. ते न काढता घासलं तर पृष्ठभागभर पसरतं आणि ओल्या रंगात खड्डे पडतात. मग बारीक स्कॉच-ब्राइट (घासायचं पॅड), प्रमोटर, आणि पुढचं नेहमीसारखं.

काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "उघड्या प्लास्टिकवर पहिला थर कशाचा देणार?" डबा दाखवत नसतील तर गाडी परत आणा. माझ्या मते हा प्रश्न शेड मॅचपेक्षा महत्त्वाचा आहे. शेडचं म्हणाल, तर कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पण मेटॅलिक रंग त्याच कोडनेही स्प्रे गनचं प्रेशर आणि मारायचा हात बदलला की वेगळा दिसतो. कार्डावर नमुना मारून तो उन्हात गाडीला लावून बघा.

घरी करायचा विचार असेल तर टू-के क्लिअरपासून, म्हणजे हार्डनर मिसळून वरून मारायच्या पारदर्शक थरापासून, लांब राहा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, धुळीचा मास्क त्यापुढे काही कामाचा नाही.

आणि खरं सांगू? चाकांभोवतीचं, खालच्या पट्टीचं क्लॅडिंग मी आता रंगवणारच नाही. ते खडे झेलण्यासाठी काळं ठेवलेलं असतं, आणि रंगवल्यावर प्रत्येक टवका काळा ठिपका होऊन दिसतो. आरशाची कव्हरं आणि दाराची हँडलं मात्र जरूर रंगवा. वेगळं मत असणारे इथे आहेत, पण त्यांच्या गाड्या कुठल्या रस्त्यावर धावतात तेही विचारून घ्या.