मिरचीचे लाड किती करावेत?

परसबाग : प्रश्न वाचकांचे, उत्तरे आमची

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे मिरचीविषयीची आहेत आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. साताऱ्या-सांगलीकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवण्याची रीत अजून टिकून आहे, आणि ती चटणी म्हणजे ताटातली ओली चटणी नव्हे, तर कांदा-लसूण घालून कांडलेले लाल तिखट, हे इकडच्या वाचकांना सांगावे लागत नाही. निदान खर्ड्यापुरती तरी मिरची दारची असावी, असे प्रत्येकाला वाटते. पत्रे वाचताना मात्र एक गोष्ट ठळकपणे जाणवली. दुर्लक्षामुळे मेलेली मिरची फारच थोड्यांकडे आहे. बहुतेकांची मिरची पाण्याने, खताने आणि काळजीनेच गेली आहे.

प्रश्न : चटणीसाठी आणलेल्या वाळक्या मिरच्यांचे बी काढून मी डिसेंबरात कुंडीत टाकले. चाळीसेक बियांपैकी जेमतेम तीन उगवल्या आणि त्यांतलीही दोन रोपे आठवड्याभरात मातीलगत आडवी झाली. बी खराब होते की माती?
— एक वाचक भगिनी, वाई

उत्तर : दोष द्यायचाच तर तो आधी महिन्याला द्यावा लागेल. मिरची मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागांतली. पोर्तुगिजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली आणि आपण तिला इतके आपलेसे केले, की ती परकी आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही; पण तिचे बी आपले मूळ विसरलेले नाही. माती 25 ते 30 अंश सेल्सिअसपर्यंत उबदार असेल, तर ते साधारण आठ-दहा दिवसांत उगवते. तेच वाईच्या डिसेंबरातल्या गार रात्रींत, ओल्या मातीत, तीन-तीन आठवडे नुसते पडून राहते आणि बहुधा कुजते. घरच्यासाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, या दोन वेळा पुरेशा आहेत.

बाजारच्या वाळक्या मिरचीचे बी उगवत नाही असे नाही. पण ती मिरची कोणत्या साली तोडली, कशी वाळवली आणि किती दिवस पोत्यात होती, हे आपल्याला ठाऊक नसते. चांगले साठवलेले बी दोन-तीन वर्षे उगवणक्षम राहते, त्यानंतर मात्र उगवण झपाट्याने घटते. शिवाय ती मिरची संकरित वाणाची असेल, तर तिच्या बियांपासून येणारी झाडे आईसारखी निघतील याची खात्री नसते. पहिल्या वर्षी ‘पुसा ज्वाला’ किंवा ‘फुले ज्योती’सारख्या सुधारित वाणाचे पाकीट आणावे. त्याचे बी पुढे घरी धरता येते.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे आणि गाळलेले शेणखत व कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या भुसभुशीत मिश्रणात अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे, त्याहून खोल नाही. ट्रे ओल्या फडक्याने झाकून उबदार जागी, फ्रिजच्या माथ्यावर ठेवला तरी चालतो. मात्र पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी तो उजेडात आणावा, नाहीतर रोपे उजेडाकडे मान लांबवून किरटी होतात. मिरचीचा कोंब मान वाकवून वर येतो आणि पुष्कळदा बियांचे टरफल टोपड्यासारखे डोक्यावर घेऊनच उभा राहतो. ते टोपडे ओढून काढण्याचा मोह आवरावा. मी एकदा चिमटीत धरून ओढले आणि टोपड्याबरोबर दोन्ही बीजपत्रे हातात आली. पाण्याचा थेंब टाकून तासभर थांबले, की ते बहुधा आपोआप सुटते.

आडव्या झालेल्या दोन रोपांचे कारण निराळे आहे. मातीलगतचा देठ पिचल्यासारखा काळपट, बारीक झाला असेल, तर ते रोपे कोलमडण्याचे दुखणे होय. सतत ओल्या राहणाऱ्या मातीतल्या बुरशीमुळे ते होते आणि एकदा झाले की ते रोप वाचत नाही. बी दाट टाकू नये, पाणी सकाळी आणि ट्रेच्या खालून शोषू द्यावे, वरची माती सुकत आल्याखेरीज पुन्हा देऊ नये. मिश्रणात ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळल्यास अधिक बरे. रोपे पाच-सहा आठवड्यांची होऊन त्यांना चार ते सहा खरी पाने आली, की आठवडाभर त्यांना रोज थोडे-थोडे ऊन दाखवावे आणि मग एखाद्या संध्याकाळी बारा इंची कुंडीत लावावे. एका कुंडीत एकच रोप लावावे. दुसरे लावण्याची इच्छा प्रत्येकाला होते.

प्रश्न : आमच्या मळ्यातली काळी माती कुंडीत भरली आहे व पाणी बोअरचे आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात. चुलीतली राख घातली, तरी फरक नाही.
— एक वाचक, पलूस

उत्तर : कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीची जी व्यथा आहे, तीच आपल्या कुंडीत लहान रूपात उतरली आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार पाणी उडून गेल्यावर मातीतच राहतात. शेतात निचऱ्याची सोय नसली की ते वर येतात आणि कुंडीत तर त्यांना जायला जागाच नसते. मिरचीला क्षार फारसे सोसत नाहीत. राख स्वतःच अल्कधर्मी असल्याने तिने दुखणे वाढवलेच असणार. ती बंद करावी.

कुंडीच्या तळाची छिद्रे मोकळी आहेत का, ते आधी पाहावे. मग कुंडीच्या आकारमानाच्या दुपटीएवढे गोडे पाणी, शक्यतो पावसाचे साठवलेले, सावकाश ओतून खालून वाहून जाऊ द्यावे. नुसती काळी माती कुंडीत कधीच भरू नये. ती ओली असताना चिकटून बसते व सुकली की भेगाळून मुळे तोडते. दोन भाग माती, एक भाग मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू असे मिश्रण करावे. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण त्यातही मीठ असते. वरून उसाच्या पाचटाचा दोन बोटे थर द्यावा. पलूसकरांना पाचट विकत आणावे लागणार नाही आणि त्याने पाण्याची गरज बरीच कमी होते.

प्रश्न : गच्चीवरची झाडे कमरेएवढी, हिरवीगार आहेत. फुले भरपूर येतात आणि गळतात. दर आठवड्याला भिजवलेल्या पेंडीचे पाणी व चिमूटभर युरिया देते.
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : युरिया आजपासून बंद. नत्र जास्त झाले की झाड पानांच्या मागे लागते आणि फळांचे विसरते. पेंडीचे पाणीही फुले येऊ लागल्यावर महिन्यातून एकदाच द्यावे. उरलेले कारण उन्हाळा हे आहे. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर चढले आणि गच्चीच्या तापलेल्या स्लॅबमुळे रात्रही गार झाली नाही, की फुले गळणारच. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारपुरती हिरवी जाळी बांधावी. फुलांच्या वेळी सकाळी फांद्यांना हलकी टिचकी मारल्यास परागीभवनाला मदत होते. पाऊस सुरू झाला की हीच झाडे धरतील.

प्रश्न : रोपांना महिनाभरातच बोकड्या झाला. शेंड्याची पाने चुरगळली आहेत. आंबट ताक, गोमूत्र, लसणाचे पाणी, दुकानदाराने दिलेली दोन औषधे, सर्व फवारून झाले. झाडे ठेवावीत की काढावीत?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : एवढ्या फवाऱ्यांनी निरोगी झाडही चुरगळेल. बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हे एका रोगाचे नाव नसून एका लक्षणाचे नाव आहे. त्यामागे तीन वेगळी कारणे असतात आणि तिन्हींवरचा उपाय एक नाही. म्हणून फवारणीचा पंप आठवडाभर बाजूला ठेवून आधी पान नीट पाहावे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा. पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीवर दोनदा टिचक्या माराव्यात आणि कागद उन्हाकडे करून पाहावा. रव्याच्या कणाहून बारीक, पिवळसर, लांबट असे काही कागदावर सुळकन पळू लागले, तर तेच फुलकिडे. याउलट कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे, लांबट व जाडसर झाले असेल, तर ते पिवळ्या कोळ्याचे काम. तो भिंगाशिवाय सहसा दिसत नाही. आणि शेंड्याची पाने अगदी बारकी, गुच्छासारखी, शिरा जाड झालेली आणि झाडाची वाढच खुंटलेली असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे.

फुलकिड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. दर आठ दिवसांनी, असे तीनदा. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात वापरावे. द्राक्षाच्या भुरीवर गंधक मारणाऱ्या तासगावकरांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. फक्त कडक उन्हात ते फवारू नये, पाने भाजतात, आणि फवारलेली फळे धुऊनच खावीत. विषाणूवर मात्र कोणताही उपाय नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्यावे, म्हणजे पांढरी माशी ते दुखणे शेजारच्या कुंडीत नेणार नाही. पुढच्या वेळी रोपे लहान असतानाच त्यांच्यावर बारीक छिद्रांची जाळी घालावी, कारण लहानपणी लागलेला विषाणूच झाडाला सर्वांत महागात पडतो.

आंबट ताकाविषयी बरेचजण विचारतात. झाडाला फवारण्यापेक्षा ते आपण प्यावे, असे माझे मत आहे.

प्रश्न : ढोबळी मिरचीशेजारी लवंगी लावली, तर ढोबळी तिखट होते म्हणतात. खरे का?
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : त्या हंगामात होत नाही. फळाचा गर आणि आतला पांढरा भाग हे आईझाडाचेच असतात, परागकण कुठूनही आलेले असोत. मिश्र होते ते फक्त बी. मधमाश्या या झाडावरून त्या झाडावर फिरत असल्याने मिरचीत असा संकर सहज घडतो, म्हणून त्या ढोबळीचे बी धरून पुढच्या वर्षी लावले, तर एखादे झाड खरोखरच तिखट निघेल आणि दोष शेजारणीवर जाईल. बी धरायचेच असेल, तर दोन-चार कळ्या उमलण्याआधी मलमलीच्या लहान पिशवीत बांधाव्यात, फळ धरल्यावर पिशवी काढून तिथे दोरा बांधून खूण ठेवावी.

प्रश्न : लष्करात असलेल्या भाच्याने ईशान्येकडून भूत जोलोकियाचे बी आणले आहे. कराडात येईल का? आणि मिरचीचे बी काढून टाकले की तिखटपणा जातो, तसे हिचेही होईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : येईल, पण घाई चालणार नाही. ही आपल्या नेहमीच्या मिरचीहून वेगळ्या जातीची आहे; तिला उगवायलाच दोन ते पाच आठवडे लागतात आणि हवेत दमटपणा व दुपारची सावली लागते. बी फेब्रुवारीत उबेला ठेवून उगवले, तर पावसाळ्याची दमट हवा तिला मानवेल.

तिखटपणा बियांत असतो, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. बिया ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटलेल्या असतात, त्या पडद्यात कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तयार होते. बियांना ते केवळ बाहेरून चिकटते. बी काढताना पडदाही खरवडला जातो, म्हणून मिरची मवाळ लागते. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी 1912 साली तिखटपणा मोजण्याची जी रीत काढली, तिच्यावर आपल्या रोजच्या मिरच्या हजारांत मोजल्या जातात. भूत जोलोकियाची नोंद 2007 साली गिनीज बुकात दहा लाखांच्या वर झाली. तेव्हा ती तोडताना व चिरताना हातमोजे घालावेत आणि घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. हात भगभगल्यास आधी गोडे तेल चोळून मग साबणाने धुवावेत आणि तोंड पोळल्यास पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावे. खर्ड्यात एका कुटुंबाला अर्धी पुरे होईल.

प्रश्न : हिरवी केव्हा तोडावी, लाल केव्हा? दहा-बारा झाडांवर वर्षाची चटणी होईल का?
— एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : लागवडीपासून दोन ते अडीच महिन्यांत हिरवी तोडणी सुरू होते, फळ कडक व चकचकीत झाले की देठासह खुडावे, ओढू नये, फांदी चिरते. हिरवी वेळेवर तोडली तर झाड नवी फुले देत राहते. चटणीसाठी मात्र फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे. बहर ओसरल्यावर झाड उपटण्याऐवजी एक तृतीयांश छाटावे आणि मूठभर गांडूळखत द्यावे. थंडीचा कडाका नसलेल्या आपल्या भागात तेच झाड दुसऱ्या वर्षीही फळते.

वर्षाच्या चटणीचा हिशेब मात्र दहा-बारा झाडांत बसणार नाही. चार किलो ओल्या लाल मिरचीची वाळून जेमतेम एक किलो होते. त्यामुळे तिखटपणा घरच्या लवंगीचा किंवा ज्वालाचा घ्यावा आणि रंगासाठी ब्याडगी बाजारातून आणावी. ती मुळात रंगाचीच मिरची आहे. वाळवताना मिरच्या स्वच्छ फडक्यावर एकेरी पसराव्यात, संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करून झाकाव्यात आणि मुठीत धरून हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळू लागेपर्यंत उन्हे द्यावीत. डाग पडलेली किंवा आतून बुरशी दिसणारी मिरची निवडून फेकून द्यावी. देठ वाळवताना काढू नयेत. डंकावर नेण्याच्या आदल्या दिवशी बसून मोडावेत.