नर्सला औषध लिहून देता येत नसेल तर नर्स प्रॅक्टिशनर होऊन उपयोग काय? आरोग्य संवर्धनात तिची नेमकी भूमिका काय असते?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "शेवटी पोस्टर लावणं आणि हात धुवा सांगणं, एवढंच ना? त्याला दोन वर्षं कशाला घालवायची?" वाचून आधी हसू आलं, मग राग आला.

हाच प्रश्न मला चार वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या जेवणात विचारला गेला होता. विचारणारे माझ्या नणंदेचे यजमान. बीएएमएस आहेत, तालुक्याला दवाखाना आहे, बाहेर चपलांचा ढीग असतो. मी पंगतीत श्रीखंड वाढत होते. म्हणाले, "वहिनी, सरकार तुम्हाला गप्पा मारायचा पगार देतं म्हणे?" सगळे हसले. आमचे हेही हसले. मी श्रीखंड वाढलं आणि आत गेले. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचतंय, ते तुमच्या नावावर खपवते.

मी बीएस्सी नर्सिंग. पाच वर्षं आयसीयूत काढली, मग सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून सीएचओ झाले. माझं उपकेंद्र माणदेशात. पाच हजारांच्या आतबाहेर लोकसंख्या, निम्मं गाव वाड्यावस्त्यांवर. सीएचओ म्हणजे कागदावर 'समुदाय आरोग्य अधिकारी'. शेजारच्या उपकेंद्रावरचे बीएएमएस सीएचओ गावात 'डॉक्टरसाहेब' आणि मी 'नर्सबाई'. खुर्ची तीच, कामाची यादी तीच, मानधनही तेच. असो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मुळात उलटी आहे. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जादा शिक्षण घेऊन तपासणी-उपचाराचे काही निर्णय स्वतः घेणारी नर्स, हा प्रकार औषधं लिहिण्यासाठी निघालाच नव्हता. १९६५ साली अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात, लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला कोर्स सुरू केला. मुलांची वाढ बघणं, आईशी बोलणं, आजार होण्याआधी गाठणं हा त्याचा गाभा होता. फोर्डबाई स्वतः पब्लिक हेल्थ नर्स. चिठ्ठी लिहिण्याचे अधिकार नंतर आले आणि तिकडेही राज्याराज्यांत भांडून घ्यावे लागले. म्हणजे तुम्ही ज्याला 'नुसतं पोस्टर' म्हणताय, ते या पेशाचं मूळ आहे.

आता मिशेरी.

माझ्या भागात बायका मिशेरी लावतात हे मला आधीपासून माहीत होतं. माझी आजीही लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजताना घरभर असा ठसका उठतो की लहान पोरं अंगणात पळतात. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू तोंडात धरणारेच कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत असे प्रौढ शंभरात चोवीसच्या घरात निघाले होते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिशेरीवर कोण बंदी घालणार? ती तर घरच्या तव्यावर होते.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी तुमच्या कल्पनेतलं आरोग्य संवर्धन केलं. अंगणवाडीत बायका जमवल्या, तोंडाच्या कॅन्सरचे फोटो असलेला चार्ट टांगला, पाऊण तास बोलले. चाळीसेक बायका होत्या. सगळ्यांनी पदर तोंडाला लावून माना हलवल्या. अहवालात 'उपस्थिती ४०' असं गेलं. बाहेर पडले तर दोघीजणी भिंतीच्या आडोशाला बसून बोटाने दात घासत होत्या. मला बघून एकीने डबी कमरेला खोचली, दुसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

त्यातली दुसरी म्हणजे काकू. वय पन्नाशीचं, खुरपणीच्या टोळीची मुकादम. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी आम्हाला करायचीच असते. बीपी, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख. त्या यादीत तिचं नाव होतं, म्हणून पंधरा दिवसांनी घरी गेले. बॅटरी घेतली, जीभदाबणी घेतली. तिला तिचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. गेली, म्हणजे तोंड नीट उघडत होतं. मग खालचा ओठ ओढून बघितलं. डाव्या बाजूला, हिरडी आणि गालाच्या मधल्या खाचेत, बोराएवढा पांढरा चट्टा. गॉजने पुसून बघितला, निघाला नाही. चट्ट्याखालची कातडी सुरकुतलेली. रोज तिथेच ती मिशेरी दाबून धरायची.

आयसीयूतली मी असते तर चिठ्ठी लिहून मोकळी झाले असते. चिठ्ठी लिहिलीच, ग्रामीण रुग्णालयाच्या दंतचिकित्सकांच्या नावाने. पण तिथे बसूनच विचारलं, "काकू, लावता कधी कधी?" किती लावता असं विचारलं नाही. किती विचारलं की माणूस खोटं बोलतं.

तिने बोटांवर मोजलं. पहाटे उठल्या उठल्या. चहा झाल्यावर. रानात दहाच्या सुमाराला. जेवण झालं की. घरी आल्यावर. निजताना. सहा वेळा.

"पहाटेची कशापायी?"

"मिशेरी लावल्याबिगर पोट साफ हुईत न्हाई बगा."

"का होत नाही?"

इथे ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "पानीच कुटं पितो आमी?"

पुढचं तिने सांगितलं ते एवढंच, की रानात बाईमाणसाला बसायला आडोसा नाही. माणदेशात झाड दिसलं तर त्यावर पत्ता सांगतात, अशी स्थिती. सकाळी सातला निघायचं, साडेपाचला परत. मध्ये जायला लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. दहा तासांत एक तांब्या, तोही जेवताना. मग पोट धरतं. पोट धरलं की पहाटे मिशेरीची किक लागते. तंबाखूने आतडं हलतं हे खरंच आहे, काकू काही अंधश्रद्धा सांगत नव्हती. याच पोटासाठी दोन वर्षं ती तालुक्याच्या एका दवाखान्यात जात होती. चूर्ण, गोळ्या, अशक्तपणा म्हणून दोनदा सलाईन. तिथे कुणी तिला ना पाण्याचं विचारलं, ना मिशेरीचं, ना तोंड उघडून बघितलं. (भावोजींचा दवाखाना नव्हे तो. पण असता तरी काही वेगळं झालं नसतं, असं माझं मत आहे.)

तेव्हा पोस्टर कॅन्सरचं नव्हतंच लावायचं. प्रश्न आडोशाचा होता.

ते काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी हुशारी काही नाही. टोळीतल्या बायकांनीच तोडगा काढला. जुन्या साडीचे दोन पदर, चार काठ्या, बांधाच्या कडेला. रोज ज्याच्या रानात काम, त्याने काठ्या रोवून द्यायच्या, नाहीतर टोळी येणार नाही. मुकादम काकूच, त्यामुळे कुणाची ना म्हणायची टाप नव्हती. माणशी दोन लिटरची बाटली. मी फक्त आठवड्याला जाऊन बाटल्या बघायची.

मग मिशेरीच्या वेळा कमी करायला घेतल्या. सगळ्यात सोपी आधी, म्हणजे चहानंतरची. तिथे लवंग. तीन आठवड्यांनी घरी आल्यावरची. पहिले चार-पाच दिवस डोकं धरायचं, सुनेवर खेकसायची. हे होणार, आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं, असं मी तिला आणि सुनेला आधीच सांगून ठेवलं होतं. नाहीतर घरचेच म्हणतात, "लाव बाई एकदाची, पण गप बस."

मध्ये दोन महिने सगळं ठप्प झालं. यात्रा आली, मग दिराचं मयत झालं, परत सहावर गेली. मी चिडले, आणि तिला ते दिसलं, ही माझी चूक. त्यानंतर तीन आठवडे ती मला बघून मागच्या दाराने जायची. परत जुळलं ते सुनेमुळे. सून पोटुशी राहिली आणि मळमळतंय म्हणून तिनेही सासूच्या डबीत बोट घातलं. मी काकूला एवढंच सांगितलं की मुंबईत गरोदर बायकांचा एक अभ्यास झालाय, आणि मिशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. काकूने विचारलं, "शंबर गिराम म्हंजी केवडं?" मी घरातलं मापटं घेऊन तेवढी साखर तिच्या हातावर ओतली. बघत राहिली. कॅन्सरच्या फोटोने जे झालं नव्हतं ते त्या साखरेने अर्धंअधिक केलं.

एकूण सात महिने. सहावरून एकवर. दंतचिकित्सकांनी तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात कॅन्सर नव्हता. सहा महिन्यांनी परत बघितलं तेव्हा चट्टा निम्म्याहून कमी झाला होता.

आता मासिक बैठकीत काय झालं ते ऐका. पोर्टलवर 'तोंडाची तपासणी' याला रकाना आहे. 'संदर्भित' याला आहे. मिशेरी सहावरून एकवर आली, याला रकाना नाही. मी लागले तेव्हा मानधन २५,००० आणि त्यावर कामाच्या निर्देशांकांप्रमाणे १५,००० पर्यंत मोबदला, अशी रचना होती. माझे ते सात महिने त्या मोबदल्यात एका तपासणीएवढेच धरले गेले. शेजारच्या उपकेंद्राने त्याच महिन्यात शिबिर लावून एका दिवसात दोनशे तोंडं बघितली. दोनशे! माणशी किती सेकंद होतात ते तुम्हीच काढा.

म्हणून भावोजींना माझं उत्तर: हो, गप्पांचाच पगार. पण गप्पा मारताना ओठ ओढून कुठे बघायचं, चट्टा पुसून का बघायचा, लाल चट्टा दिसला तर पांढऱ्यापेक्षा जास्त घाई का करायची, बाई चिडचिड करते ती तलफेने की साखर उतरल्याने, हे कळावं लागतं. त्यालाच शिक्षण म्हणतात. आणि डॉक्टरशिवाय जीव वाचत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेलं काम बघावं. दीड लाख बायका, बारा वर्षं. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासलं, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या निरक्षर बायकांना हाताशी धरून जे केलं, ते तर आपल्या दारातलंच उदाहरण. त्यांच्याही हातात प्रिस्क्रिप्शन पॅड नव्हतं.

आता तुमच्या कोर्सचं. आपल्याकडे 'नर्स प्रॅक्टिशनर' नावाने जो दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे तो क्रिटिकल केअरचा. तो आयसीयूसाठी आहे, तिथे ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे बरेच निर्णय हातात येतात. आरोग्य संवर्धन करायचंय म्हणून तो घेत असाल तर घेऊ नका, व्हेंटिलेटरवरच्या माणसाला मिशेरी सोडा सांगून उपयोग नसतो. मिडवाइफरीचा, म्हणजे गरोदरपण-बाळंतपणाचा, दीड वर्षाचा आहे, तो मला स्वतःला जास्त पटतो, कारण गरोदर बाई नऊ महिने ऐकायच्या मनःस्थितीत असते. आणि गावात काम करायचं असेल तर सीएचओ. औषधांचं म्हणाल तर बीपी-साखरेच्या गोळ्या डॉक्टर सुरू करतात, महिन्याच्या महिन्याला देणं, मोजणं आणि चुकलेल्याला घरी गाठणं आमच्याकडे. अडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांना विचारता येतं, रेंज असेल त्या दिवशी.

थोडं सावरून घेते, नाहीतर खाली लोक येतील. सगळे बीएएमएस असे नसतात. तोंड बघायला मला नीट शिकवलं ते एका बीएएमएस सीएचओनेच. पांढरा चट्टा मिशेरी सोडली की जातोच असंही नाही, त्यामुळे दाखवायला टाळाटाळ करू नका. सात महिने प्रत्येकीला देता येत नाहीत हेही खरं. माझ्या यादीत मिशेरीवाल्या शंभराच्या वर आहेत आणि काकूसारख्या नऊच झाल्यात. बाकीच्यांना मी तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाइन सांगते, १८००-११-२३५६, फुकट आहे. फोन किती जणी करतात ते विचारू नका, फोन नवऱ्याच्या खिशात असतो.

काकूची पहाटेची एक अजून सुटलेली नाही. परवा विचारलं तर म्हणाली, "तेवडी ऱ्हाऊ दे की आता, तुमाला यायला कारन नको का?"

पुढच्या मंगळवारी जाणार आहे.