अढीतला आंबा, कार्बाइडचा आंबा आणि लेसर

प्रश्न : देवगडात आमची हापूसची कलमं आहेत. भाचा म्हणतो क्वांटम कॅस्केड लेसरने हवेतला गॅस नेमका ओळखता येतो. मग कार्बाइडने पिकवलेला आंबा त्याने पकडता येईल का? साधा लेसर का नाही चालत?
– एक बागायतदार

उत्तर : काका, पकडता येईल, पण आंबा नाही, ज्या खोलीत तो पिकवला तिथली हवा पकडायची. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो, आणि अढीतला आंबा स्वतः सोडतो तो इथिलीन. दोन्ही गॅस रंगहीन, पण दोघांचे रेणू वेगवेगळ्या तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतात. इथिलीन १०.५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जोरात, ॲसिटिलीन ७.५ च्या जवळपास. त्या नेमक्या जागी लेसर लावून पलीकडे प्रकाश किती कमी पोचला ते मोजलं की गॅस कोणता आणि किती, दोन्ही कळतं. लाल पॉइंटरचा प्रकाश ०.६५ मायक्रॉनचा, त्याकडे हे गॅस ढुंकूनही बघत नाहीत.

आता हा लेसर वेगळा कसा, ते मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. नेहमीच्या डायोड लेसरचा रंग मुख्यतः पदार्थावरून ठरतो, इथे मात्र इंडियम गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम इंडियम आर्सेनाइडचे काही नॅनोमीटर जाडीचे शेकडो थर एकावर एक चढवतात आणि थरांची जाडी बदलली की तरंगलांबी बदलते, म्हणजे पदार्थ तोच ठेवून रंग माणसाने ठरवायचा! इलेक्ट्रॉन घाटीच्या पायऱ्या उतरावा तसा खाली येतो आणि प्रत्येक टप्प्यावर एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, देऊ शकतो. कल्पना काझारिनोव्ह आणि सुरिस या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडली, पण प्रत्यक्षात लेसर झाला १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत, फाइस्ट, कपासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. सुरुवातीला तो खूप थंड ठेवावा लागायचा, खोलीच्या तापमानाला सलग चालणारा २००२ मध्ये आला.

करंट किंवा तापमान बदललं की तरंगलांबी थोडीशीच सरकते, एका गॅसची एक रेषा, म्हणजे तो शोषतो ती एक नेमकी तरंगलांबी, तपासायला तेवढं पुरतं. जास्त सरकवायची तर लेसरच्या चिपबाहेर ग्रेटिंग (प्रकाशातून हवी ती तरंगलांबी निवडणारी बारीक रेघांची पट्टी) बसवून ते फिरवतात. तरी इथिलीन आणि ॲसिटिलीनच्या तरंगलांबी एकमेकींपासून इतक्या लांब आहेत की दोघांसाठी सहसा दोन वेगळ्या चिप लागतात.

आपल्याकडे मे महिन्यातली दमट हवा ही मोठी अडचण. पाण्याची वाफ ६ मायक्रॉनजवळ इतकं शोषते की तिथे मोजणं जवळजवळ अशक्य, ७.५ लाही तिच्या रेषा मध्ये मध्ये येतात म्हणून दोन रेषांमधली फट शोधावी लागते. १०.५ ला त्रास बराच कमी. लेसरच्या प्रकाशाचा तरंगलांबीचा पट्टा अतिशय बारीक असतो म्हणून हे जमतं, साध्या इन्फ्रारेड सेन्सरला दमट हवेत हा फरक जड जातो.

एक लक्षात ठेवा, नुसता इथिलीन सापडला म्हणून व्यापाऱ्यावर संशय घेऊ नका. फळ पिकवायला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) इथिलीन वापरायला कायद्याने परवानगी आहे, बंदी आहे ती कार्बाइडवर. शोधायचा तो ॲसिटिलीन, आणि तो पेट्या उघडल्या, वारा लागला की निघून जातो. यंत्राची किंमत लाखांत जाते, एकट्या बागायतदाराने घ्यायची वस्तू नाही ही. सोसायटीने मिळून कुठल्या लॅबकडून तपासणी करवून घेतलीत तर हवेचा नमुना पिकवण्याच्या बंद खोलीतून घ्यायला सांगा, बाजारातल्या पेटीतून नको.