टूडूइस्टसारख्या ॲपचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात पेडण्याला घराला लागून दोन खोल्यांचं होमस्टे, सोबत नोकरी, मागे माडांचं भाट, म्हणजे बागायत. टूडूइस्ट हे कामांची यादी ठेवणारं ॲप घेतलं, सुरुवातीला उत्साहाने सगळं त्यात लिहिलं, आणि आता ॲप उघडलं की मुदत उलटलेल्या कामांची लाल रांग दिसते, म्हणून तुम्ही ते उघडायचंच टाळता. पैसे भरून वरची योजना घ्यावी की दुसरं ॲप बघावं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. आधी तारखा काढा.

मी फोंड्याला कर सल्लागार आहे. दुकानदार, कंत्राटदार, दोन-चार बागायतदार असे माझे अशील. माझं पोट तारखांवरच चालतं, त्यामुळे या बाबतीत माझं मत पक्कं आहे: कामाला तारीख तेव्हाच द्यायची, जेव्हा ते काम त्या दिवशी झालं नाही तर खरंच काही बिघडणार असतं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, ७ तारखेला भरायचा. जीएसटीची दोन रिटर्न, दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी: जीएसटीआर-वन ११ ला, थ्री-बी २० ला. तुमच्याकडे परदेशी पाहुणा उतरला की त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला देणारा फॉर्म (लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात) २४ तासांच्या आत ऑनलाइन गेला पाहिजे. यांना तारीख हवीच. ‘मागच्या खोलीला रंग काढणे’ याला मात्र येत्या रविवारची तारीख घातली, तर ती तारीख म्हणजे नुसती इच्छा. रविवारी पाहुणे येतात, रंग राहतो, सोमवारी ते काम लाल होतं. अशी दहा कामं लाल झाली की त्यांच्यात अडकलेला सी-फॉर्मही नजरेतून सुटतो, कारण लाल रंगाचा धाकच उरत नाही. तुमचं नेमकं हेच झालंय.

साफसफाई कशी करायची ते सांगतो. ‘टुडे’ उघडलं की वर ‘ओव्हरड्यू’ची यादी आणि तिच्या बाजूला ‘रिशेड्यूल’ दिसेल. तिथून सगळं एका झटक्यात उद्यावर ढकलता येतं. तसं करू नका, परवा पुन्हा तीच रांग उभी राहील. त्या यादीतली पुन्हा पुन्हा येणारी कामं, म्हणजे ज्यांच्या तारखेपाशी गोल बाणाची खूण असते ती, आधी बाजूला ठेवा. त्यांची तारीख काढली तर त्यांचं पुन्हा पुन्हा येणंही बंद होतं. उरलेल्यांपैकी ज्याला खरी मुदत आहे त्याला खरी तारीख द्या आणि बाकी सगळ्यांना ‘नो डेट’. पहिल्यांदा हे करताना जीव घाबरतो, की तारीख नसलेलं काम हरवेल. हरवत नाही. ते कुठे आणि कधी बघायचं ते पुढे येतंच.

२०२४ च्या शेवटाला टूडूइस्टमध्ये ‘डेडलाइन’ नावाचा वेगळा रकाना आला. तुमच्या योजनेत तो असेल तर जरूर वापरा. काम हातात कधी घ्यायचं ते तारखेत आणि ते कधीच्या आत संपलं पाहिजे ते डेडलाइनमध्ये, अशी दोन्ही वेगळी राहतात. आमच्या धंद्यात हा फरक फार मोलाचा. रिटर्नचा दिवस २०, पण अशिलाकडून बिलं मागवायची ती १२ लाच.

आता पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांकडे वळतो. या ॲपचा खरा जोर माझ्या मते इथेच आहे आणि बहुतेक लोक तो अर्धाच वापरतात. काम मराठीत लिहा आणि ते परत कधी यायचं ते इंग्रजीत टाइप करा, चालतं. ‘थ्री-बी भरणे’ लिहून पुढे ‘एव्हरी ट्वेंटिएथ’ टाइप केलं की दर महिन्याच्या २० ला ते हजर. तुम्ही ते २२ ला पुरं केलं तरी पुढची तारीख २० च राहते, कारण सरकारची तारीख तुमच्यासाठी सरकत नाही.

पण सगळी कामं अशी नसतात. भाटातले नारळ घ्या. साधारण तीन महिन्यांनी पाडप, म्हणजे नारळ उतरवणं, असतं. तुम्ही ‘एव्हरी थ्री मंथ्स’ लिहिलं आणि पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, ठरल्या दिवशी आलाच नाही, दुसऱ्या गावात अडकला, तीन आठवड्यांनी उगवला. ॲप मात्र जुन्या तारखेपासूनच तीन महिने मोजतं, आणि पुढच्या वेळी नारळ तयार व्हायच्या आधीच तुम्हाला पाडेलीमागे धावायला लावतं. इथे ‘एव्हरी’ला चिकटून उद्गारचिन्ह टाकायचं: ‘एव्हरी! थ्री मंथ्स’. मग मोजणी तुम्ही काम पुरं झाल्याची खूण केली त्या दिवसापासून सुरू होते. एसीची सर्व्हिसिंग, पाण्याची टाकी धुणं, गाद्यांना ऊन दाखवणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं, ही सगळी उद्गारचिन्हाची कामं. कुठल्या कामाला कुठलं, हे ठरवताना एवढंच विचारा: उशीर झाला तर पुढची वेळ सरकते का? सरकत असेल तर उद्गारचिन्ह.

नियमाला अपवाद असतील तर ते वेगळं काम म्हणून लिहून टाका. उदाहरणार्थ, टीडीएस दर ७ ला, पण मार्च महिन्याचा ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. माझ्याकडे ‘मार्चचा टीडीएस’ हे एप्रिलात येणारं स्वतंत्र वार्षिक काम आहे. ॲपला शहाणपण शिकवायच्या भानगडीत मी पडत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती परदेशात बनलेल्या कुठल्याच ॲपला ठाऊक नसते: तिथी. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, २०२६ ला १४ सप्टेंबरला. गावची जत्रा, शिगमो, वडिलांचं श्राद्ध, सगळं तसंच. यांना ‘एव्हरी इयर’ लावलंत तर ॲप दर वर्षी चुकीच्या दिवशी हाक मारणार. यावर मी केलेला उपाय अगदी साधा आहे. १ जानेवारीला दर वर्षी येणारं एक काम: ‘नवं कॅलेंडर घेऊन बसणे आणि वर्षाच्या सगळ्या तिथी टाकणे’. नवं कॅलेंडर तोवर भिंतीवर आलेलं असतंच. आईला शेजारी बसवतो, ती तिथी सांगते, मी इंग्रजी तारखा टाकत जातो. अर्ध्या तासात वर्ष लागतं. चवथीच्या तारखेच्या आधी तीन आठवड्यांवर ‘मूर्तीकाराकडे जाऊन येणे’ आणि चार दिवसांवर ‘माटोळीचा बाजार’ (माटोळी म्हणजे गणपतीवर बांधायची फळाफुलांची मांडणी) अशी दोन कामं त्याच वेळी टाकून ठेवायची. होमस्टेसाठी तर हे फारच महत्त्वाचं. चवथीला घरात माणसं असताना खोल्या बुकिंगसाठी बंद ठेवायच्या की नाही, हे जानेवारीतच ठरतं.

माटोळीच्या यादीवरून आठवलं. यादी एका ओळीत एक जिन्नस अशी कुठेही लिहून कॉपी करा आणि नव्या कामाच्या जागी पेस्ट करा. टूडूइस्ट प्रत्येक ओळीचं वेगळं काम करून देतं. तोरिंग, आंबाडे, कांगलां, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, पुढे प्रत्येकावर टिचकी. पावसाआधीच्या पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाची, यादीही तशीच: सोलं, चिंच, सुक्या मिरच्या, उकडे तांदूळ. मूळ यादी जपून ठेवायची आणि पुढल्या वर्षी तीच पुन्हा पेस्ट करायची, म्हणजे नव्याने आठवायला नको.

यानंतर येतो तो भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो: कामाचं वाक्य. तुम्ही प्रश्नात उदाहरण म्हणून ‘वीज मीटर’ असं एक काम दिलंय आणि ते कित्येक महिने तसंच पडलंय म्हणता. मला वाटतं ते पडून राहण्याचं कारण त्या दोन शब्दांतच आहे. वाचल्यावर हात कुठे घालायचा तेच कळत नाही. मीटर आजोबांच्या नावावरून तुमच्या नावावर करायचा आहे असं धरू. ते एक काम नाही, ती पाच-सहा कामांची माळ आहे. तिच्यातलं पहिलं, जे तुम्ही उद्या उठून करू शकता, तेवढंच लिहा: ‘वीज खात्याच्या ऑफिसात जाऊन नावबदलाच्या कागदपत्रांची यादी आणणे’. ती यादी हातात आली की पुढचं लिहा. ‘बाथरूम’ असं लिहू नका. ‘प्लंबरला फोन करून शनिवारी सकाळी बोलावणे, खालच्या खोलीचा नळ’ असं लिहा, आणि खाली नोंदीत त्याचा नंबर. क्रियापद आलं की काम हलतं. संध्याकाळी दमून आल्यावर विचार करायची ताकद नसते, पण सरळ लिहिलेला फोन कुणीही करू शकतो.

यामागे अभ्यासही आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम दुसरं काही करताना डोक्यात घुसत राहतं. पण ते कसं करायचं याचा नेमका बेत एकदा केला, की काम झालेलं नसतानाही ही घुसखोरी थांबते. म्हणजे रात्री झोप उडवणारं काम पुरं व्हायचीही गरज नसते, त्याचं पुढचं पाऊल नीट लिहिलेलं असलं तरी पुरतं. माझा स्वतःचा अनुभव अगदी हाच आहे.

आता तारीख काढलेल्या कामांचं काय, ते. त्यांना जागेचं लेबल लावा. तुम्ही पेडण्याचे, म्हणजे शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला जाणं होतच असेल. ‘म्हापसा’ नावाचं लेबल करा आणि तिथे होणारी सगळी कामं त्याला जोडा: मिक्सरचं भांडं, बँकेत केवायसी, पडद्याचं कापड. बसमध्ये बसल्यावर ते लेबल उघडायचं, पणजीला निघालात तर ‘पणजी’. दुसरं लेबल ‘फोन’. कुठे वाट बघत ताटकळलात की त्यातले दोन फोन होऊन जातात. तिसरं माझं आवडतं, ‘वाट बघतोय’: ज्यात चेंडू दुसऱ्याच्या हातात आहे अशी कामं. सुताराने शुक्रवारी येतो म्हटलं, अमक्याने आगाऊ रक्कम पाठवतो म्हटलं. हे लिहून ठेवलं नाही तर दोघंही विसरतात. लेबलं याहून फार वाढवू नका. जे लेबल उघडून बघितलं जात नाही ते काढून टाका.

फिल्टर एकच पुरे: इंग्रजीत ‘टुडे’, मग उभी रेघ, मग ‘ओव्हरड्यू’. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. तारखा खऱ्या असल्या की ही यादी छोटी राहते आणि सकाळी चहासोबत वाचून होते. ‘पी वन’ ते ‘पी फोर’ या प्राधान्यांपैकी मी फक्त पहिलं वापरतो, तेही दिवसाला एखाद्या कामाला. कामं केल्याबद्दल ॲप देतं ते ‘कर्मा’चे गुण बंद करून टाका, त्यांचा तुमच्या होमस्टेला उपयोग नाही. पावसात लाइट आणि नेटवर्क गेलं तरी काळजी नको. फोनवरच्या ॲपमध्ये लिहिलेलं तसंच राहतं आणि नेट आलं की आपोआप जुळतं.

आठवड्यातून एकदा मात्र सगळं नजरेखालून घालायलाच हवं, आणि यात सूट नाही. मी शनिवारी ऑफिस बंद करायच्या आधी बसतो. ‘इनबॉक्स’, म्हणजे कुठेच न लावलेली कामं जिथे पडतात तो कप्पा, रिकामा करायचा, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पुढचं पाऊल लिहिलेलं आहे ना ते बघायचं, ‘वाट बघतोय’मधल्या लोकांना एकेक मेसेज टाकायचा, आणि तारीख नसलेल्यांपैकी येत्या आठवड्यात जे खरंच करणार त्यांनाच तारीख द्यायची. दोन-तीन महिने पडून असलेलं आणि आता नकोसं झालेलं काम इथेच पुसायचं. खोलीला रंग काढायचं काम असं दर आठवड्याला नजरेखालून जातं, आणि एका आठवड्यात बुकिंग नसतं तेव्हा त्याची पाळी येते. तुम्हाला होमस्टेमुळे शनिवार जमणार नाही. पाहुणे सहसा नसतात असा मधला वार धरा.

पैशांबद्दल: मोफत योजनेत स्वतःचे ५ प्रोजेक्ट करता येतात. तुम्हाला घर, होमस्टे, भाट आणि नोकरी एवढे चार लागतील, पाचवा सणांसाठी. हे मोडायला लागलं तर पुढचं बघा. त्याआधी ‘होमस्टे’ हा प्रोजेक्ट घरच्यांशी शेअर करा, त्याला पैसे पडत नाहीत. चादरी, गॅस, पाहुण्यांच्या येण्याच्या वेळा हे आज तुमच्या आणि वहिनींच्या व्हॉट्सॲपवर विखुरलेलं असणार. ते एका जागी आणा आणि प्रत्येक कामावर कोण करणार त्याचं नाव घाला. वहिनींना ॲप शिकवायची गरज नाही. त्यांच्या फोनच्या पहिल्या पानावर विजेट लावून द्या. त्यात यादी दिसते आणि झालेल्या कामावर तिथूनच टिचकी मारता येते.